दुखण्याचे वाटे

अंबूबाई वाघमारेला वय विचारलं की ती आधी समोरच्याचं वय विचारते. आपण चाळीस म्हणालो तर म्हणते, "मंग मला तुमच्या आईवानी धरा." पन्नास म्हणालो तर, "मंग थोरल्या भनीवानी." समोरच्याला लहान वाटावं आणि आपणही फार म्हातारं होऊ नये, असं तिचं सोयीचं वय आहे. मी आरोग्य उपकेंद्रातली सिस्टर. आमच्याकडे वयाची जागा रिकामी सोडून चालत नाही, म्हणून मी अंदाजानं पंचावन्न लिहिलं. ते तिला अजून मान्य नाही.

बोरजाईवाडी हे माझ्या उपकेंद्राचं गाव वाईपासून वरच्या अंगाला, कृष्णेच्या काठी आहे. गाव टेकाडावर, देवळाभोवती, आणि खाली ओढा नदीला मिळतो तिथे कातकऱ्यांची वस्ती. दहा-बारा घरं. कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यावर शेणामातीचा लेप, वर पत्रा नाहीतर प्लास्टिकचा कागद. जागा त्यांची नाही. कुणाची आहे हे विचाराल तर गावातले तिघे तीन नावं सांगतील. त्यामुळे पक्कं घर बांधता येत नाही, आणि नळाची पाइपलाइन वस्तीपासून हाकेच्या अंतरावर येऊन थांबली आहे. कागदावर तिथे गाव संपतं. माणसं त्याच्या पलीकडे राहतात, त्याला कागद काय करणार.

मी मूळची इस्लामपूरची. उसाच्या घरात वाढलेली, एक भाऊ पलटणीत. आमच्याकडे माणसं मोठ्यानं बोलतात आणि त्याला कुणी भांडण म्हणत नाही. वस्तीवर पहिल्यांदा गेले तेव्हा लसीकरणाला एकही पोर आणलं नव्हतं, म्हणून मी असा आवाज लावला की पलीकडच्या काठावर बसलेल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. अंबूबाई दारात उकिडवी बसून सगळं ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "शिस्टरबाई, घसा सुकला आसंल. च्या घ्या, मंग उरल्यालं बोला."

मी चहा घेतला. उरलेलं बोलायचं काही राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पोरं आली, तीही अंबूबाईच्या मागं रांगेत, आणि सगळ्यात आधी तिनं स्वतःचा दंड पुढे केला. ही सुई मोठ्या माणसांची नाही हे पटवण्यात माझा अर्धा तास गेला.

या वस्तीचा एक रिवाज आहे. नदीत, ओढ्यात जे काही सापडेल ते काठावरच्या सपाट खडकावर आणायचं आणि त्याचे वाटे पाडायचे. मासे असोत, खेकडे असोत, नाहीतर डोंगरातून खणून आणलेले कंद. जी पाण्यात उतरली तिला वाटा, जी घरी बसली तिलाही तेवढाच. वाटे पाडायचं काम अंबूबाईचं. ती एकेक मासा उचलते, इकडचा तिकडे करते, पुन्हा मागे घेते, आणि शेवटी सगळे ढीग सारखे दिसायला लागले की हात झटकते. मग तिची जुनी मैत्रीण शकुंतला खडकाकडे पाठ करून बसते. अंबूबाई एका वाट्यावर हात ठेवून विचारते, "ह्यो कुणाचा?" आणि शकुंतला न बघता एकेका घराचं नाव घेते. मोठा वाटा आपल्या माणसाला दिला असं कुणी म्हणायला नको. वस्तीवर भांडणं पुष्कळ होतात, दारूवरून होतात, कोंबड्यांवरून होतात, पण वाट्यावरून झालेलं मी ऐकलेलं नाही.

अंबूबाईचा जन्म डोंगरातल्या कोळशाच्या भट्टीवरचा आणि पुढचं सगळं आयुष्य वीटभट्ट्यांवरचं. दिवाळी झाली की वस्तीतली माणसं जोडीजोडीनं भट्ट्यांवर जातात, नवरा चिखल करतो, बायको विटा पाडते, आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. साईराज हा तिचा एकुलता एक मुलगा पोटात होता तेव्हा ती पलूसकडच्या एका भट्टीवर होती. विटा न्यायला येणाऱ्या ट्रकच्या कपाळावर ते नाव रंगवलेलं होतं. तिनं ड्रायव्हरकडून ते वाचून घेतलं आणि ठरवून टाकलं. गावातले लोक हसायचे, कातकऱ्याच्या पोराला हे राजेशाही नाव कशाला म्हणून. अंबूबाईचं उत्तर तयार असतं. "त्यो ट्रक कंदी बंद पडला न्हाई. म्हून ठिवलं."

पोराचा बाप मात्र लवकर गेला. खोकत राहिला, वाळत गेला. या भट्टीवरून त्या भट्टीवर जाताना एका दवाखान्याचं औषध दुसऱ्या गावी पोहोचलं नाही, आणि त्याला काय झालं होतं ते अंबूबाईला कुणी सांगितलंही नाही.

गेल्या वर्षी आषाढात साईराजची बायको पूजा एकटीच उपकेंद्रावर आली. पूजा मितभाषी आहे, सासूनं घरातलं सगळं बोलणं आपल्याकडे घेतल्यामुळे असेल. म्हणाली, "ह्ये रातचं घामानं भिजत्यात. आन् शर्ट लय ढिला झालाय." मी त्याच दिवशी साईराजची थुंकी तपासायला पाठवली. टीबी निघाला.

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर पुष्कर सांगलीचे. तरुण आहेत आणि इतकं हळू बोलतात की पेशंटला आपण जास्तच आजारी आहोत असं वाटतं. त्यांनी मायलेकांना समोर बसवून नीट समजावलं. सहा महिने, रोज तीन गोळ्या, एक दिवससुद्धा चुकवायचा नाही, चांगलं खायचं, घरात उजेड आणि वारा हवा. अंबूबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "याच्या बाला ह्येच झालं हुतं का?"

"असावं," डॉक्टर म्हणाले.

"तवा गोळ्या हुत्या का ह्या?"

"होत्या."

तिनं गोळ्यांचं पाकीट पदराच्या टोकाला गाठ मारून बांधून घेतलं.

औषध सुरू झालं. वाईच्या काही मंडळींनी त्याच्यासाठी दर महिन्याला खाण्याची पिशवी द्यायला सुरुवात केली, तूरडाळ, शेंगदाणे, गूळ, तेल. साईराज गोळ्यांची रिकामी पाकिटं मला न चुकता दाखवायचा आणि मी खूश. फक्त वजनाचा काटा माझ्याशी सहमत नव्हता. पहिल्या महिन्यात तो जागचा हलला नाही. दुसऱ्या महिन्यात खाली गेला. खोकला होता तसाच होता. साईराज गमत्या पोरगा, काट्यावर उभा राहून म्हणायचा, "शिस्टर, काटा दुरुस्तीला टाका." मला हसू येईना. डॉक्टर आणखी हळू बोलायला लागले होते.

गौरी जेवून गेल्या त्या आठवड्यात मी एका दुपारी न सांगता वस्तीवर गेले. सगळ्या बायका खडकावर जमल्या होत्या, म्हटलं आज मासे बरेच मिळालेले दिसतात. जवळ गेले तर सागाच्या पानांवर तूरडाळीचे ढीग, शेजारी शेंगदाण्यांचे, आणि प्रत्येक ढिगावर गुळाचा एकेक खडा. एक बाई वाटीनं तेल मोजून ओतत होती. शकुंतला पाठ करून बसलेली. आणि अंबूबाईच्या मांडीवर टीबीच्या गोळ्यांचं पाकीट होतं, कात्रीनं नीट कापलेलं.

"ह्या कशाला कापल्या?" मी विचारलं.

"दोन साईराजच्या," ती म्हणाली, "आन् तिसरी, जो कोन खोकत आसंल त्याची. आज शकुंतलाची हाय. काल कोंडीबाची हुती."

"रोज असं करता?"

"व्हय की. त्याला मोठा वाटा देतोय आवं. आजारी हाय ना त्यो."

"मला बरं वाटतंय त्या गोळीनं," शकुंतलानं पाठ न वळवता साक्ष दिली.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. माझा राग फार टिकत नाही, पण असतो तोवर भरपूर असतो. बायका एकेक करून पान उचलून उठल्या. अंबूबाई तेवढी बसून राहिली. तिला माझं ओरडणं समजत होतं, कारण समजत नव्हतं. वस्तीवर आलेली वस्तू एकाच घरात ठेवून घ्यायची, हे तिच्या लेखी चोरीच्या जवळपास होतं. मग मी खाली बसले आणि साध्या शब्दांत सांगितलं. हा जंतू आहे. तीन गोळ्यांनी मरतो. दोन गोळ्यांनी मरत नाही, उलट शहाणा होतो, आणि एकदा शहाणा झाला की मग तीन दिल्या, दहा दिल्या, तरी ऐकत नाही.

"म्हंजी पोराचं मीच वाटूळं केलं," ती म्हणाली.

तिचा चेहरा मला बघवेना. मी म्हटलं, अजून काही झालेलं नाही, आधी तपासू.

शकुंतला आणि म्हातारा कोंडीबा यांच्या तपासण्या झाल्या. दोघांनाही काही नव्हतं. त्यांचा खोकला चुलीच्या धुराचा होता. साईराजची थुंकी मोठ्या प्रयोगशाळेत गेली, गोळ्या अजून लागू पडतात का ते बघायला. ते दिवस वाईट गेले. अंबूबाई रोज टेकाड चढून उपकेंद्रावर यायची, काही न विचारता पायरीवर बसायची आणि निघून जायची. निकाल आला तेव्हा डॉक्टर पुष्कर यांनी स्वतः फोन केला, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला धड ऐकू आला. गोळ्या लागू पडत होत्या. पण आता पहिल्या दिवसापासून नव्यानं सुरुवात, आणि पुन्हा चूक झाली तर आपल्या हातात फारसं काही राहणार नाही, असंही त्यांनी सांगितलं.

एवढं झाल्यावर तरी गाडी रुळावर यावी की नाही. तर साईराजच अडून बसला. म्हणाला, "गोळ्या खातो. पर ती पिशवी नको. मी एकटा शेंगदाणं खात बसू, आन् शेजारची पोरं माज्या तोंडाकडं बगत बसत्याल? नरड्याखाली उतरंल का माज्या?" दोन दिवसांनी म्हणाला की गोळ्यांनी मळमळतं, त्याही नकोत. भट्टीवर जाऊन घाम गाळला की आपोआप बरं वाटेल. मी समजावलं, ओरडले, डॉक्टरांना आणलं. तो हसून मान डोलवायचा. पिशवी न घेतल्यानं पोट रिकामंच, तो खरंच वाळत चालला होता, आणि उपाशी पोटी गोळ्या सोसत नाहीत हेही खरं होतं.

दोन दिवस अंबूबाई नदीवर गेली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं सगळ्या घरांना खडकावर बोलावलं आणि मलाही निरोप धाडला. गेले तर खडकावर ना मासा ना खेकडा. ओळीनं नदीतले गोटे मांडलेले.

"आजवर आपण खाण्याचं वाटं पाडलं," ती म्हणाली. "आज साईराजच्या दुखण्याचं पाडायचं. गोळ्या तिन्ही त्याच्याच प्वाटात जात्याल. पर दिस वाटून घ्यायचं. ज्या घराचा दिस, त्या घरानं त्याला सकाळी आपल्या दारात बशिवायचं, आपल्या म्होरं गोळ्या गिळाया लावायच्या, आन् दोन्ही टायमाला आपल्या संगट जेवू घालायचं. पिशवी बी त्याच घरात. समद्यांनी मिळून खायाचं. मंग तर उतरंल ना रं नरड्याखाली?"

कोंडीबा म्हणाला, "आन् गोळी तोंडात धरून मागनं थुकली तर?"

"जीब वर करून बघायची."

सगळे हसले, साईराजसुद्धा. प्रत्येक गोटा एक दिवस होता. शकुंतला पाठ करून बसली आणि एकेका दिवसाला घराचं नाव देत गेली. शेवटी कोंडीबानं विचारलं, "तुजं घर ऱ्हायलं की."

"माजं धरू नका," अंबूबाई म्हणाली. "मी आई हाय. त्यानं तोंड वाकडं क्येलं की मी म्हणीन, ऱ्हाऊ दे आजच्याला. माज्या घराला वाटा न्हाई."

मी पूजाकडे पाहिलं. तिनं मान हलवली. तिलाही स्वतःचा भरवसा नसावा.

त्यानंतरचे दिवस साईराजच्या आयुष्यातले सगळ्यात कटकटीचे होते आणि मला मात्र बघायला फार मजा आली. कुठलंच घर कमी पडायला तयार नव्हतं. कोंडीबाच्या घरी खेकड्याचं कालवण झालं की दुसऱ्या दिवशीचं घर त्याहून मोठे खेकडे शोधायला ओढ्यात उतरायचं. शकुंतलाची एकच कोंबडी होती, आणि तिच्या पाळीच्या दिवशी तिनं अंडं दिलं नाही तर शकुंतला तिला माणसासारखी बोलणी द्यायची. एकदा एका घराची पाळी आणि वाईचा बाजार एकाच दिवशी आले. घरातल्यांनी बाजारही बुडवला नाही आणि साईराजलाही सोडलं नाही. त्याला सोबत नेलं, एसटी स्टँडवर बाकड्यावर बसवलं, वडापाव खायला घातला आणि चार प्रवाशांच्या देखत जीभ वर करायला लावली. कंडक्टरनं विचारलं, दाढ दुखते का. साईराज म्हणाला, "न्हाई, मला राखण ठिवलीया."

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. चहाच्या टपरीवाल्यानं एकदा त्याला कागदी कपात चहा दिला, बाकीच्यांना काचेच्या ग्लासात. साईराज तसाच उठून आला. दुसऱ्या दिवशी अंबूबाई वस्तीतल्या बायकांना घेऊन टपरीवर गेली आणि म्हणाली, "आमाला समद्यास्नी कागदाच्याच कपात द्या. हलका आसतोय, हाताला बरा वाटतोय." एवढ्या बायका कागदी कप हातात धरून रस्त्याकडेला बसल्या, तिथेच सगळ्यांशी गप्पा मारत राहिल्या, आणि येणारा-जाणारा विचारायला लागला की हे काय चाललंय. पुढच्या वेळी टपरीवाल्यानं साईराजला ग्लास दिला. माझ्यासारखी असती तर भांडून आली असती आणि कपाचं कागदीपण काही गेलं नसतं.

डॉक्टर पुष्कर एकदा घर बघायला आले. आत चूल, खिडकी नाही, डोळे चुरचुरले म्हणून ते बोलता बोलता बाहेर आले. त्यांनी हळूच म्हटलं, एखादी खिडकी असती तर बरं झालं असतं. संध्याकाळपर्यंत अंबूबाईनं उगवतीच्या बाजूचा वरचा कूड काढून टाकला होता. शेजारच्या बाईनं विचारलं, जागा आपली नाही, कुणी बोललं म्हणजे. "बोलू दे," ती म्हणाली. "भित वाढवायला परवानगी लागती. कमी करायला कुणाला इचारायचं?" मग आणखी चार घरांचे कूड उतरले. शकुंतलाचा खोकला गोळीशिवाय कमी झाला, ते तिला फारसं आवडलं नाही.

वजनाचा काटा वर सरकला. पण अंबूबाईनं आपला नियम सोडला नाही. एका दुपारी मी तिच्या दारात बसले होते, तेव्हा साईराज आला आणि म्हणाला, "आये, भूक लागलीया. येक भाकरी दे." ती चुलीवर भाकरीच टाकत होती. तव्याकडे बघत म्हणाली, "आज शकुंतलाचा दिस हाय. तिकडं जा." तो गेला. ती उठली आणि घरामागं जाऊन बराच वेळ जाळं सोडवत बसली. जाळ्याला गुंता नव्हता. मला तिचं फार वाईट वाटलं आणि मी तिला म्हटलंही, एक भाकरी दिली असती तर आभाळ कोसळलं नसतं.

"आज भाकरी दिली आसती," ती म्हणाली, "उद्या गोळी सोडली आसती. मला म्हाईत हाय मी."

दिवाळी झाली आणि पलूसचा मुकादम मानसिंग टेम्पो घेऊन आला. तो जोड्या घेऊन जातो आणि तीन-चार भट्ट्यांवर विभागून टाकतो. वस्ती पांगली की पाळ्या संपल्या, आणि साईराजचे जवळजवळ चार महिने बाकी होते. भट्टीवर जाऊ नका असं मी म्हणू शकत नव्हते. पावसापर्यंत इथे ती माणसं खाणार काय?

अंबूबाईनं मानसिंगला चहा दिला, मासे दिले, त्याच्या म्हशींची चौकशी केली. मग म्हणाली, "यंदा आमी समदी एकाच भट्टीवर येणार."

"तसं जमत न्हाई मावशे. तिगांना शबुद दिलाय मी."

"मंग दोगांकडनं माघारी घ्या."

"आगं एका मालकाकडं एवढ्या जोड्या मावत्याल का?"

"हितं एवढ्याशा जाग्यात मावलोय की. तितं तर माळ हाय."

मानसिंग माझ्याकडे वळला. "शिस्टर, तुमी तरी सांगा हिला."

मी म्हटलं, "मानसिंगराव, मी इस्लामपूरची. पलूस माझ्या माहेरापासून फार लांब नाही. मी अधूनमधून बघायला येणार आहे."

त्यानं डोकं खाजवलं आणि रिकामा टेम्पो घेऊन निघून गेला. माणसं दुसरीकडून मिळाली असती तर तो परतला नसता. दोन दिवसांनी तो मोठा ट्रक घेऊन आला, सगळ्या वस्तीसाठी. ट्रकमध्ये चढताना अंबूबाईनं आणखी एक सांगितलं. साईराज यंदा चिखलात उतरणार नाही. त्याच्या जागी ती, म्हणजे जोडी सासू-सुनेची. मानसिंग म्हणाला, अशी जोडी अख्ख्या पलूसमध्ये नाही. "न्हाई ना," ती म्हणाली, "मंग बघाच."

डॉक्टरांनी गोळ्या पलूसच्या सरकारी दवाखान्यातून मिळतील अशी व्यवस्था केली. मी माहेरी गेले की एक चक्कर भट्टीवर टाकायचे. माझा भाऊ म्हणायचा, तू आम्हाला भेटायला येतेस की त्यांना. तिथेही कृष्णा जवळ होती. सुट्टीच्या दिवशी बायका नदीवर जायच्या, मासे आणायच्या आणि विटांच्या थप्पीवर वाटे पाडायच्या. राहायच्या खोपी त्यांनी धूर जिकडे जात नाही त्या अंगाला बांधून घेतल्या होत्या. साईराज हलकी कामं करायचा, विटा मोजायचा, आणि रोज सकाळी कुणाच्या तरी दारात जाऊन जीभ वर करायचा. गाल भरले होते. पूजानं त्याच्या शर्टाची जुनी शिवण उसवून शर्ट सैल केला होता, आणि ते तिनं मला दोनदा दाखवलं.

शेवटच्या गोळ्या फाल्गुनात संपल्या. शेवटची तपासणी पलूसला झाली. निकाल घ्यायला मी स्वतः गेले, कारण फोनवर ऐकून माझं समाधान झालं नसतं. थुंकी स्वच्छ. मी तो कागद पर्समध्ये न घालता हातातच धरून रिक्षानं भट्टीवर गेले.

दुपारची सुट्टी झाली होती. मी लांबूनच सांगितलं, बरा झाला म्हणून. आवाज मोठा असण्याचा एवढा उपयोग मला कधी झाला नव्हता. माणसं हातातली कामं टाकून धावली. शकुंतलानं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. कोंडीबा साईराजच्या पाठीत बुक्क्या घालत होता आणि पूजा पदर तोंडाला लावून रडत होती. अंबूबाई साच्यापाशी उभी होती, कोपरापर्यंत चिखल. ती आमच्यात आली नाही.

त्या दिवशी पाळी कोंडीबाच्या घराची होती. त्याच्या बायकोनं भात-कालवण तयार ठेवलं होतं. अंबूबाई त्यांच्या दारात गेली आणि म्हणाली, "कोंडीबा, आजचा दिस मला दे."

"घे की," कोंडीबा म्हणाला. "तुजाच हाय त्यो."

तिनं हात धुतले. चिखल कधीच गेला होता तरी धूत राहिली. मग तिनं चूल पेटवली, पीठ मळलं, भाकरी थापली. घरात होते तेवढे वाळवलेले मासे परतले. पूजा मदतीला उठली, तिला तिनं हातानंच थांबवलं. गणपतीनंतर पहिल्यांदा तिनं पोरापुढे ताट ठेवलं. मला रडू आलं, मी ते लपवलं नाही.

"आये, तू बी बस," साईराज म्हणाला.

"बसते," अंबूबाई म्हणाली. "जरा बगू दे मला."

आणि तो दुसरी भाकरी मागेपर्यंत ती समोर बसून बघत राहिली.